धुक्याची घरफोडी

मावळातल्या लोहगडवाडीत रात्री अडीचला सायरन वाजला की गावात कुणी कूस बदलत नाही. कुत्री पहिले चार दिवस भुंकली, मग त्यांनीही नाद सोडला. जागा होतो तो एकच माणूस आणि तो इथे नसतोच. बंगल्याचा मालक, मुक्काम मुलुंड किंवा कोथरूड. उशाशी मोबाईल थरथरतो, ॲपवर लाल पट्टी झळकते, शेठ ताडकन उठून बसतात आणि राखणदार मामांना फोन लावतात. मामा डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन, टॉर्च मारत, चिखल तुडवत बंगल्याला फेरी मारतात आणि कळवतात, "शेठ, कुणी नाय. ढग आलाय नुसता."

शेठना ही थट्टा वाटते. मामा मात्र शब्दशः खरं सांगत असतात.

कंपाउंडवर समोरासमोर दोन डबे बसवलेले असतात. एकातून न दिसणारा इन्फ्रारेड किरण निघतो, दुसरा तो झेलतो. मधून कुणी गेलं, किरण तुटला, की बोंब. उन्हाळ्यात दाखवायला फक्कड. पण लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत गायमुख खिंडीतून ढग खाली उतरला की दहा फुटांवरची म्हैस दिसत नाही. किरणाने बिचाऱ्याने काय बघायचं? चांगल्या प्रतीच्या डब्यांमध्ये यावर तोड असते. सिग्नल हळूहळू मंदावत गेला तर यंत्र तो हवामानाचा दोष धरतं आणि सायरन न वाजवता निराळी सूचना देतं. चोर असा मिनिटामिनिटाने दाट होत येत नाही, एवढी समज त्यात घातलेली असते. ती समज महाग पडते, म्हणून कोटेशनमधून पहिली कात्री तिलाच लागते. बाथरूममधला इटालियन मार्बल शाबूत राहतो.

हे दुखणं मावळापुरतं नाही. ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थाने बॉस्टनजवळ १८५३ साली विजेवर चालणाऱ्या घरफोडीच्या घंटेचं पेटंट घेतलं. पुढे घंटा घरोघरी गेली आणि अमेरिकेतल्या पोलिसांच्या डोक्याला ताप झाली. तिथल्या पाहण्यांत पोलिसांपर्यंत पोचलेल्या अलार्मपैकी ९४ टक्क्यांहून जास्त खोटे निघाले आहेत. सॉल्ट लेक सिटीने डिसेंबर २००० मध्ये हात जोडले आणि नियमच केला: आधी खासगी रखवालदाराने जागेवर जाऊन खात्री करावी, मगच आम्हाला बोलवावं. आपल्याकडे असा नियम करावाच लागला नाही. मामा आधीपासून जातातच.

सायरन वाजला की पहिला संशय चोरावर, दुसरा मामांवर. "मामा, तुम्ही आत गेला होता का?" तिसरा संशय वायरमनवर. सगळ्या सेन्सरच्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या पॅनेलवर कुणाचा संशय जात नाही आणि कुणी त्याला काही विचारतही नाही. खरं तर तेवढा एकच साक्षीदार जागा असतो. सायरनला फक्त ओरडता येतं. कुठल्या झोनने, म्हणजे घराच्या कुठल्या भागाने, किती वाजता, किती वेळा तक्रार केली हे पॅनेलच्या मेमरीत ओळीने लिहिलेलं असतं. रोज दुपारी साडेचारला एकच झोन वाजत असेल तर तिथे खिडकीतून ऊन येतंय. फक्त पाऊस पडताना वाजत असेल तर बाहेरच्या वायरीच्या जोडात पाणी आहे. सगळे झोन एकदम बोंबलले तर आधी बॅटरी आणि लाईट बघायची. पाच खिडक्यांतून एकाच सेकंदाला माणसं घुसली तर ते चोर नसतात, शनिवारचे पर्यटक असतात.

बॅटरीचं तर विचारूच नका. पॅनेलच्या पोटात १२ व्होल्टची, ७ अँपिअर-अवरची शिसं-आम्लाची बॅटरी असते. तिचं आयुष्य तीन ते पाच वर्षं. बंगल्यात ती वास्तुशांतीपासून बसलेली असते आणि पॅनेलचं झाकण उघडलं तर दोन्ही कुशी फुगलेल्या दिसतात. पावसात लाईट रात्रभर गेली की ती तासाभरात मान टाकते. पहाटे लाईट आली की सगळे सेन्सर एकदम जागे होतात. त्यांना डोळे उघडायला मिनिटभर लागतं, पॅनेलला तेवढा धीर नसतो.

मग हॉलमधला पीआयआर, म्हणजे कोपऱ्यात सात फुटांवर बसवलेली ती पांढरी डबी. ती हालचाल पाहत नाही, उष्णतेचा फरक पाहते. तिच्या दुधी भिंगाने खोलीचे पंख्यासारखे अदृश्य पट्टे पाडलेले असतात. आसपासच्या भिंतींहून गरम काही एका पट्ट्यातून दुसऱ्यात सरकलं की तिच्या लेखी माणूस आला. एका रात्री पाचदा वाजल्यावर मामा स्टुलावर चढले. भिंगावर बारीक जाळं विणलेलं आणि मधोमध कोळी, शेंगदाण्याएवढा. भिंगाला इतका चिकटून की त्याने पाय हलवला तरी अख्खा पट्टा झाकला जायचा. सेन्सरच्या हिशेबात तो सहा फुटी दरोडेखोर. मामांनी झाडूचा हीर फिरवला आणि विषय संपवला. कायमचा इलाज डबीच्या पाठीमागे असतो. वायर आत शिरते त्या भोकात चिमूटभर सिलिकॉन भरायचं. कोळी, मुंग्या, पालीची पिल्लं तिथूनच आत जातात. बसवणारा मुलगा ते भोक उघडं ठेवून गेलेला असतो, कारण त्याला पाचची लोकल गाठायची असते.

हाच पीआयआर काचेपलीकडचं काही पाहू शकत नाही. त्यामुळे गडाकडच्या बाजूला ती बारा फुटी काचेची भिंत असते ना, 'व्ह्यू'साठी, तिच्या बाहेर चोराने सतरंजी टाकून पत्ते कुटले तरी हॉलमधल्या डबीला पत्ता लागत नाही. तीच काच दुपारी ऊन आत घेते, पडदा तापतो, बंद घराला कुबट वास नको म्हणून उघड्या ठेवलेल्या झडपेतून वारा येतो, तापलेला पडदा हलतो आणि डबी ओरडते. सेन्सरचं तोंड खिडकीकडून फिरवून भिंतीकडे करायला एक स्क्रू आणि दोन मिनिटं पुरतात. त्याऐवजी पडदे बदलले जातात.

मुख्य दरवाजा सागवानी. त्यावर लोहचुंबक, चौकटीवर त्याची जोडीदार कळ; दोघांत बोटभर अंतर पडलं की दार उघडलं असं समजायचं. आषाढात लाकूड फुगतं, दार नीट बसत नाही, कडी अर्धवट लागते, वारा सुटला की दार चौकटीत खटखट वाजतं. पॅनेलला रात्रभर कुणीतरी येतंय-जातंय असं दिसत राहतं. हे काम रंधा मारणाऱ्या सुताराचं. बोलावतात मात्र इलेक्ट्रिशियनला. तो येतो, चुंबक हलवतो, पैसे घेतो. मार्गशीर्षात लाकूड सुकतं आणि चुंबक पुन्हा परका होतो.

आणि माणसं? कोड टाकायला तीस सेकंद मिळतात. पाहुणे दोन गाड्यांतून उतरतात, बॅगा, बर्फाचा डबा, स्पीकर, रडणारं पोर, आणि कोड कुणालाच आठवत नाही. सायरन सुरू होतो, शेठना फोन जातो, शेठ मीटिंगमध्ये. उपाय म्हणून कोड आता दाराच्या चौकटीवर स्केचपेनने लिहून ठेवलाय. चोरालाही सोय.

शेवटी सर्व्हिसवाला येतो तेव्हा त्याच्यापुढे सरळ मार्ग असतो. एकेक झोन बंद ठेवून रात्र काढायची, खोलीत चालून चाचणी घ्यायची, दोन सेन्सरनी दुजोरा दिला तरच सायरन अशी बांधणी करायची. याला दोन-तीन खेपा लागतात. म्हणून तो सायरनची वायर काढतो आणि लाल दिवा तेवढा लुकलुकत ठेवतो. शेठ शांत झोपतात, सोसायटीच्या ग्रुपवर अंगठे येतात. खोटा अलार्म बंद झाला. खरा त्याच वायरीवरून येणार होता.

गावाकडेही राखणीची तऱ्हा आहे. पुणे ग्रामीणमध्ये ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. एका टोल फ्री नंबरवर फोन केला की नोंदवलेल्या गावकऱ्यांचे मोबाईल एकदम वाजतात आणि फोन करणाऱ्याचा निरोप त्याच्याच आवाजात सगळ्यांना ऐकू येतो. स्वतःच्या आवाजात बोंब मारायची म्हटल्यावर माणूस आधी डोळे चोळून नीट बघतो. अर्थात माणसाच्या सेन्सरलाही धुकं लागतं. २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन घिरट्या घालतात, चोर टेहळणी करतात म्हणून पुणे जिल्ह्यात गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली होती. पण त्या रात्री शेजारी शेजाऱ्याला हाक मारत होता. किती बंगलेवाल्यांनी या यंत्रणेत नंबर नोंदवलाय, ते विचारू नका.

त्याहून जुनी राखणीची तऱ्हा डोक्यावरच्या लोहगडावर होती. सुरतेची लूट या गडावर ठेवली होती, पुढे नाना फडणविसांनीही आपली दौलत इथेच आणून ठेवली. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, असे एकामागून एक चार दरवाजे, मधली वाट वळणावळणाची. प्रत्येक दरवाजाला पहारेकऱ्यांच्या देवड्या, म्हणजे माणसं पगारी ठेवलेली.

मामांनी यंदा गणपतीत हजार रुपये वाढवून मागितले. शेठ म्हणाले, "बघू मामा, दिवाळीनंतर. सध्या दोन कॅमेरे वाढवतोय."