देवासात एअरलॉक कसा मागवावा

अबकारी खात्यातल्या वाचकांनी लगेच लेखणी उचलू नये. मी घरी करतो ती आल्याची बिअर. नाव तेवढं उद्धट, बाकी ते दोन दिवसांत फ्रिजमध्ये जाणारं फसफसतं सरबत आहे आणि आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळानेही ते दोनदा मागून घेतलं आहे. खरी दारू घरी गाळण्याची मुभा आमच्याकडे आहे ती आदिवासींना, मोहाची आणि घरच्यापुरती. धार जिल्ह्यातले भिल्ल ती पिढ्यान्‌पिढ्या गाळत आले, आणि त्यांतला कुणी फोन कानाला लावून ‘आपका कॉल हमारे लिए महत्त्वपूर्ण है’ ऐकत बसलेला मी पाहिलेला नाही. आपण सुशिक्षित. म्हणून हे मार्गदर्शन.

नियम पहिला. वस्तू आधी गावात विचारावी, म्हणजे ऑनलाइन मागवताना मनाला टोचणी राहत नाही. मी देवासच्या बाजारात एका हार्डवेअरवाल्याकडे एअरलॉक मागितला. तो म्हणाला, “भिया, कौनसी मंजिल पे है? प्लंबर भेजूँ?” नळात हवा अडकली की आमच्याकडे त्याला एअर लॉक म्हणतात. मी मागत होतो तो अडवणारा, तो काढून द्यायला निघालेला.

एअरलॉक म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखी वळवलेली नळी. बरणीच्या झाकणात खोचायची, तिच्यात दोन चमचे पाणी घालायचं. आतला वायू बुडबुड करत बाहेर जातो, बाहेरची हवा आणि चिलटं आत येत नाहीत. कस्टमर केअरची रचनाही याच तत्त्वावर केलेली असते: आतून खेद बाहेर येत राहतो, बाहेरची तक्रार आत जात नाही.

नियम दुसरा. सामान मागवलं म्हणून लगेच आलं किसायला घेऊ नये. हा नियम मी तीनदा मोडला आहे. आल्याचं विरजण (दुसरा शब्द मला मान्य नाही) वाटीभर पाण्यात लावतात. आलं धुवायचं, पण सोलायचं नाही. कारण जे किण्व आपल्याला हवं ते सालीवर असतं. रोज एक चमचा कीस, एक चमचा साखर, आणि ढवळणं. माळव्याच्या मे महिन्यात तिसऱ्या दिवशी फेस येतो, जानेवारीत आठवडा लागतो. एकदा आलं की ते थांबत नाही. इकडे वाटी उतू जात असते आणि तिकडे ऑर्डर ‘प्रोसेसिंग’मध्ये असते.

नियम तिसरा, आणि यावरच सगळं अडतं: पिनकोड.

देवासचा पिन ४५५००१. धारचा ४५४००१. फरक एका आकड्याचा. रस्त्याने मात्र इंदूर ओलांडून शंभरेक किलोमीटर. देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला आणि तो बसवला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, म्हणजे आपल्याच माणसाने. टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृत कवी. सारख्या नावांची गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते यांच्या घोळातून पत्र सुटावं म्हणून त्यांनी सहा आकडे दिले. पहिले तीन आकडे पाहिले की पार्सल कुठल्या जिल्ह्याकडे टाकायचं ते कळतं. वेलणकरांच्या व्यवस्थेत काही खोट नाही. खोट आहे ती माझा पत्ता बघून चिकटपट्टीवर पाचाच्या जागी चार टंकणाऱ्या बोटात. पट्टीवर ‘देवास’ ठळक, टेकडीची खूणही लिहिलेली. पण यंत्र वाचतं ते आकडे, आणि आकडे म्हणतात धार.

देवासला पत्त्याचे घोळ नवे नाहीत म्हणा. या एका गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, दोन्ही पवारांची. एकाच बाजारात दोन राजांची हद्द. थोरल्या पातीच्या तुकोजीरावांकडे १९२१ साली कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर खासगी चिटणीस होता. राजवाड्यात आणलेले पियानो वाजण्याच्या अवस्थेत नव्हते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. शंभर वर्षांपूर्वीही या गावात मागवलेली वस्तू धड नसे, हे वाचून मला फार धीर आला.

तर पार्सल धारला जातं. तिथून डिलिव्हरीवाल्या पोराचा फोन येतो: “सर, घर के नीचे हूँ.” मी खिडकीतून पाहतो, खाली कुणी नाही. मग दोघांनाही उलगडतं. अशा वेळी धारला नातेवाईक असावा लागतो. मला आहेत: आमचे साडू. माझी बायको त्यांच्या बायकोची धाकटी बहीण, त्यामुळे ते मला लग्नापासून ‘धाकटी पाती’ म्हणतात. धारच्या किल्ल्यात १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला हे ते दर भेटीत सांगतात. त्याने पुढे काय केलं, हे आम्ही विचारत नाही.

साडूंचा एकच दोष. पार्सल हातात पडलं की ते फोडतात. “म्हटलं बघावं, तुटलंबिटलं तर नाही.” पहिल्यांदा त्यांनी यीस्टची पुडी ‘सुकं दिसतंय’ म्हणून कोमट दुधात घातली.

नियम चौथा. फोन लावण्यापूर्वी जेवून घ्यावं. हिंदीसाठी एक दाबा, तक्रारीसाठी तीन, मग सनई. माझी एक फेरी अशी झाली:

“सर, आपका पार्सल डिलीवर हो चुका है.”

“धारला झालंय. मी देवासला आहे.”

“जी सर, देवास. जिला धार?”

“देवास हाच जिल्हा आहे हो!”

“असुविधा के लिए खेद है. पिन के हिसाब से आप धार में हैं.”

यावर वाद घालू नये. एवढ्या ठामपणे कुणी सांगितलं की माणूस एकदा खिडकीबाहेर बघून खात्री करून घेतो. मी केली. टेकडी जागेवर होती.

नियम पाचवा. यीस्ट मेलं अशी तक्रार करू नये. मे महिन्यात चार दिवस बंद गाडीत भाजून निघालेली पुडी मरणारच, पण ते लोक मयताचा फोटो मागतात. घरच्या घरी शहानिशा करावी: अर्धा कप कोमट पाणी, चिमूटभर साखर, वर यीस्ट. पंधरा मिनिटांत साय धरावी तसा फेस आला तर जिवंत. पाणी बोटाला चटका बसेल इतकं गरम घेतलं तर खून आपलाच.

नियम सहावा. काचेच्या बाटल्या मागवूच नयेत. हे आमच्या स्वयंपाकघराच्या छताकडे बघून सांगतो आहे. सोड्याची रिकामी प्लास्टिकची बाटली घ्यावी. ती दगडासारखी कडक लागली की फ्रिजमध्ये.

नियम सातवा. खोकं उघडताना व्हिडिओ काढावा. एका हातात मोबाइल, एका हातात कात्री, तिसऱ्या हाताने खोकं धरावं.

मी व्हिडिओ न काढता हायड्रोमीटरचं खोकं उघडलं. काचेची कांडी दोन तुकड्यांत. पाच फोन आणि एक ‘तिकीट’ झाल्यावर बदली कांडी आली, तीही अर्थात धारमार्गे. उघडून बघतो तो लॅक्टोमीटर. दुधाचा. मी कपाळाला हात लावला, पण सत्य सांगायला हवं: लॅक्टोमीटर हाही हायड्रोमीटरच. वरचा शून्य म्हणजे नुसतं पाणी, अठ्ठावीस म्हणजे पाण्याच्या १.०२८ पट घनता. लिटरभर मिश्रणात शंभर ग्रॅम साखर असेल तर कांडी अडतिसाच्या आसपास उभी राहते आणि साखर खाल्ली जाईल तशी रोज खाली बुडते. पृष्ठभाग कडेला वर चढलेला दिसतो, तो न बघता मधली पातळी वाचावी. मिश्रण गार असावं, गरमात कांडी खोल जाते. माझं काम भागलं. भागलं नाही ते आमच्या दूधवाल्याचं. त्याने ओट्यावर कांडी बघितली आणि दुसऱ्या दिवसापासून दूध आपोआप दाट झालं. कंपनीच्या चुकीचा एवढा एक फायदा.

कधी कधी मोहाच्या मडक्यांचा विचार येतो. आठवडी बाजारात कुंभार मडकी मांडून बसलेला असतो. घेणारा मडकं उचलतो, बोटाच्या पेराने टकटक करतो, कान लावतो. खणखणीत वाजलं तर घ्यायचं, बद्द वाजलं तर खाली ठेवायचं. कुंभार वाईट वाटून घेत नाही, दुसरं पुढे करतो. परतीचं धोरण संपलं. मी एकदा फोनवर त्या मुलीला विचारलं, तुमचा माल पाठवण्याआधी कुणी वाजवून बघतं का? तिने मला तीन मिनिटं होल्डवर ठेवलं आणि मग खेद व्यक्त केला.

नियम आठवा मी कुणाला सांगत नाही. गेल्या आठवड्यात नवा एअरलॉक मागवला (जुना साडूंनी ‘धुवायला’ उकळत्या पाण्यात टाकला होता), आणि पिनच्या चौकटीत मी स्वतःच्या हाताने ४५४००१ लिहिलं. चौथ्या दिवशी फोन आला.

“धाकटी पाती, आलंय तुमचं. फोडू?”

“आधी व्हिडिओ चालू करा.”

रात्री व्हिडिओ आला. नऊ मिनिटांचा. त्यात पार्सल कुठेच नाही, साडूंचा अंगठा आहे, वर फिरणारा पंखा आहे, आणि मागून ताईंचा आवाज: “ते ठेवा बाजूला, पानं वाढली आहेत.”