परग्रह, मुक्काम पोस्ट निघोज

ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांनी काढलेले परग्रह पाहिले की वाटतं, अख्ख्या विश्वाचं काम एकाच कंत्राटदाराला मिळालं असावं. तेच जांभळं आभाळ, तेच दोन चंद्र, तेच चकचकीत घुमट. माझी भाची पुण्यात हेच शिकते. तिचेही ग्रह झाडून-पुसून रिकामे. कुणी राहतं म्हणावं, तर दोरीवर वाळत घातलेला एक टॉवेलसुद्धा नाही.

सुट्टीत ती नगरला आली, तेव्हा तिला निघोजला नेलं. पारनेर तालुक्यात कुकडीच्या पात्रात रांजणखळगे आहेत. पुराच्या भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे एकाच जागी गरगरत राहतात आणि खालचा काळा बेसॉल्ट घासून घासून खोल करतात. हजारो वर्षं हाच उद्योग. घाई कुणालाच नाही, कारण बजेट मंजूर करून घ्यायचं नव्हतं. आता ते पात्र असं दिसतं, की यानातून उतरलो असं खुशाल म्हणावं. फक्त या परग्रहाच्या काठावर मळगंगादेवीचं देऊळ आहे. आणि त्या दिवशी खळग्यांच्या कडेला सतरंजी पसरून एक कुटुंब दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खात होतं. आजी नातवावर ओरडत होत्या, "आत वाकू नको रे, मेल्या!" भाचीनं आधी खळगे काढले. मग बराच वेळ आजी काढत बसली.

तिथेच गाडी रुळावर आली असं माझं मत. थोरामोठ्यांनीही हेच केलंय. १९७७च्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात नायक ल्यूकच्या घराचा आतला चौक म्हणजे ट्युनिशियातल्या मातमाता गावचं, जमिनीत खड्डा खणून बांधलेलं घर. तिथे माणसं पिढ्यान्पिढ्या राहत आलेली. हायाओ मियाझाकींच्या १९८६च्या 'लापुता' या ॲनिमेशनपटात राज्य आभाळात तरंगतं खरं, पण खालचं गाव वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्त्या पाहून आलेलं आहे. ते गाव पटतं, म्हणून वरचं राज्यही खपून जातं.

उलट खरी जागा कधीकधी इतकी अचाट असते, की काढायची सोय नाही. अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात पिंड आहे. भोवती चार खांब होते, त्यातले तीन तुटलेत. डोक्यावरचा अवाढव्य कातळ मात्र जागचा हललेला नाही. हे चित्र परीक्षेत दिलं तर 'आधार पटत नाही' म्हणून मार्क कापतील. कोकणकड्यावर नशीब असेल तर धुक्यात गोल इंद्रधनुष्य आणि त्याच्या मधोमध आपलीच सावली दिसते. तेही कुणी खपवून घेणार नाही.

परतताना मी मुद्दाम वाट वाकडी करून तिला रात्रीचा साखर कारखाना दाखवला. जिल्ह्यात त्यांना तोटा नाही. गळीत हंगाम जोरात होता. धुराडी, वाफेचे लोट, वरपासून खालपर्यंत दिवे, मळीचा उग्र वास. फाटकाबाहेर उसाच्या बैलगाड्यांची ही लांब रांग. कुणी गाडीखालीच घोंगडी ओढून झोपलेलं, कुणी तीन दगडांवर चहा ठेवलेला.

गेल्या आठवड्यात तिनं नवं चित्र पाठवलं. प्रचंड यानतळ, धूर, दिवे, आभाळात चंद्र अजूनही दोन. (एवढं वय असतंच.) खाली फाटकाशी मात्र बैल उभे होते.

मी फोन करून विचारलं, "अगं, परग्रहावर बैल?"

"मामा," ती म्हणाली, "मग ऊस कोण आणणार?"