आक्षेपराव

आक्षेपराव बुद्धिबळात कधीच हरलेले नाहीत. कधी नेट गेलं, कधी बोट घसरलं, कधी वहिनींनी नेमक्या वेळी कुकर बंद करायला सांगितला. उरलेल्या सगळ्या डावांत समोरच्याने खेळ्या सुचवणारं इंजिन लावलेलं होतं.

असे एक गृहस्थ हल्ली प्रत्येक सोसायटीत असतात. हे आमचे, डोंबिवलीचे. उभी नोकरी लेखापरीक्षणात गेली, म्हणजे दुसऱ्यांच्या वह्यांत आक्षेप काढण्यात. निवृत्तीनंतर वह्या संपल्या, हात शिवशिवत राहिले, पण तोवर मुलाने मोबाइलवर लीचेस नावाचं बुद्धिबळाचं अ‍ॅप टाकून दिलेलं होतं.

एरवी माणूस अत्यंत सरळ. भाजीवाल्याने दोन रुपये जास्त दिले तर तीन मजले उतरून परत करतील. गणेशोत्सवात लाकडी पटावर त्यांच्याशी खेळताना तुमचं बोट उंटाला नुसतं लागलं, तरी उंटच हलवावा लागतो. "हात लावला की खेळली. फिडेचा नियम आहे." आणि फिडेचा, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचा, तो नियम आहेच. पण रात्री जेवण उरकून हेच गृहस्थ मोबाइल घेऊन बाल्कनीत बसले की नियमाचं तोंड फक्त पलीकडे वळतं. लीचेसवर खेळी मागे घेऊ द्या, अशी विनंती करायची सोय आहे. ती सोय त्यांच्याइतकी कोणी वापरली नसेल. समोरच्याने नाकारली तर त्याच्यावर संस्कार नाहीत. समोरच्याने मागितली तर हात लावला की खेळली.

बरोबरीचा प्रस्तावही ते असाच पाठवतात, हत्ती गेला की एक, घोडा गेला की आणखी एक. ऊठसूट बरोबरी मागून प्रतिस्पर्ध्याला त्रास देऊ नये, असंही फिडेच्या नियमांत लिहिलेलं आहे. ते कलम मात्र त्यांच्या नजरेतून सुटलंय. लेखापरीक्षकाच्या नजरेतून!

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते फास्ट लोकलमध्ये डाव मांडायचे. मुंब्र्याच्या पुढे पारसिकचा बोगदा आला की नेटवर्क जायचं आणि डाव अर्धवट राहायचा. निवृत्त होऊन काळ लोटला, पण बोगदा अजून येतो. वझीर गेला की हमखास येतो. हल्ली साइटही शहाण्या झाल्यात, खेळाडू निघून गेलेला दिसला की थोड्या वेळाने समोरचा विजय मागू शकतो. हे कळल्यापासून आक्षेपराव निघून जात नाहीत. अ‍ॅप उघडं ठेवतात, घड्याळात बारा मिनिटं शिल्लक असतात, आणि ते शांतपणे दूध तापवायला जातात. तिकडे ब्राझीलमध्ये कोणीतरी, एका खेळीत मात करायची म्हणून, पडद्याकडे डोळे लावून बसलेला असतो. डाव सोडून द्यावा असं मी एकदा सुचवलं. "का? वेळ माझा आहे. नियमात बसतं," असं उत्तर आलं. बसतं खरं.

याच विषयावर फार बोललं की ते २०२० चं ऑनलाइन ऑलिम्पियाड काढतात. अंतिम लढतीत रशियाविरुद्ध खेळताना निहाल सरिन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन तुटलं, घड्याळ संपून त्यांचे डाव गेले, भारताने दाद मागितली. बिघाड जागतिक होता हे पाहून फिडेने दोन्ही संघांना सुवर्णपदक दिलं. "मग मला आणि त्या ब्राझीलवाल्याला संयुक्त विजेते का नाही?" निहाल आणि दिव्याचं नेट वझीर पडल्यामुळे गेलं नव्हतं, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण वहिनींनी डोळ्यांनी दटावलं.

इंजिनाबद्दल त्यांचं सगळंच चूक आहे असं नाही. स्टॉकफिश नावाचं इंजिन फुकट मिळतं आणि साध्या मोबाइलवरही जगज्जेत्याला भारी पडतं. चोर पकडायच्या खुणाही आक्षेपरावांना पाठ आहेत. माणूस उघड मारामारीला दोन सेकंद घेतो आणि अवघड जागी चाळीस. चोरून खेळणारा दोन्हीकडे सारखेच सात घेतो. म्हणून ते हातात वेगळं घड्याळ धरून बसतात. त्या भानगडीत त्यांचा स्वतःचा वेळ संपतो, ते सोडा. डावानंतर विश्लेषणात समोरच्याची अचूकता नव्वद टक्के दिसली की लगेच तक्रारीचं बटण. स्वतःची नव्वद दिसली तर? "आमच्या वेळी शाळेत पायाच पक्का करून घ्यायचे."

आणि मग एके दिवशी आक्रीत घडलं. साइटनेच कळवलं की तुमच्या एका प्रतिस्पर्ध्याने गैरप्रकार केला होता, सबब तुमचे गेलेले रेटिंगचे गुण परत देत आहोत. आक्षेपरावांनी त्या निरोपाची छापील प्रत काढली, लॅमिनेट केली आणि शोकेसमध्ये मुलीच्या पदवीच्या फोटोला टेकवून ठेवली. तेव्हापासून त्यांच्या लेखी सगळं जग चोर ठरलं. ज्याच्याविरुद्ध पुरावा सापडत नाही तो जरा हुशार चोर, एवढाच फरक.

सप्टेंबर २०२२ मध्ये तेव्हाच्या जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनने एका ऑनलाइन स्पर्धेत संशयापोटी एकच खेळी करून डाव सोडला होता. प्रकरण पुढे कोर्टापर्यंत गेलं. आक्षेपरावांनी तोच बाणेदारपणा सोसायटीच्या ऑनलाइन स्पर्धेत दाखवला, बी विंगमधल्या चौथीतल्या मुलाविरुद्ध. एक प्यादं पुढे सरकवलं आणि निषेध म्हणून राजीनामा. निषेध कशाचा हे पोराला कळलंच नाही. "थँक्यू काका" म्हणून ते कंपासपेटी घेऊन पळालं.

परवा मात्र साइटने त्यांनाच धरलं. तुम्ही वरचेवर डाव टांगून ठेवता, म्हणून काही मिनिटं नवा डाव मांडता येणार नाही. काही मिनिटं! आक्षेपरावांनी चष्मा पुसला, फुलस्केप कागद घेतला, डावीकडे समास आखला आणि लिहायला बसले. महोदय, विषय : अन्यायकारक बंदी उठवण्याबाबत. संदर्भ एक ते नऊ. पारसिक बोगद्याचा नकाशा सोबत जोडला. तो दाखवायला ते माझ्याकडे आले तेव्हा बंदी उठून दोन तास झाले होते. मी ते लक्षात आणून दिलं.

"प्रश्न बंदीचा नाही, नोंदीचा आहे," असं म्हणून त्यांनी माझ्याच टेबलावर कागद पसरला आणि खाली डाव्या कोपऱ्यात लिहिलं : प्रत माहितीस्तव, १. फिडे, लोझान. २. सचिव, आपली सोसायटी. ३. वर्गशिक्षिका, चौथी ब.