दप्तराच्या तळाशी चिठ्ठी

शेजारच्या चौथीतल्या पोराचं दप्तर मागच्या आठवड्यात धुवायला काढलं, तेव्हा तळाशी एक चिठ्ठी सापडली. आठ घड्या घातलेली, कडा तेलकट, एका घडीत चुरमुऱ्यांचा चुरा. निळ्या पेनाने घाईत लिहिलेलं: 'दृष्टिदोष. दंतक्षय. संदर्भित, उपजिल्हा रुग्णालय.' तारीख दिवाळीच्या आधीची. त्याची आई ती चिठ्ठी घेऊन माझ्या दारात उभी. "ताई, संदर्भित म्हणजे काय हो?"

संदर्भित म्हणजे मोठ्या दवाखान्यात नेऊन दाखवा. मग तसंच का नाही लिहिलं? ही बाई सातवी शिकलेली आहे. 'मुलाला दूरचं दिसत नाही, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात न्या, चष्मा फुकट मिळेल' एवढं लिहिलं असतं, तर ती दुसऱ्याच दिवशी मजुरी बुडवून गेली असती. मधल्या महिन्यांत पोरगं फळ्यावरचं दिसत नाही म्हणून बाकावरच्या सोबत्याच्या वहीतून उतरवून घेत होतं, त्याच्या चुकांसकट. शाळेत आणि घरीही 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून बोलणी खात होतं.

त्या चिठ्ठीवर माझा राग आहे. ती लिहिणाऱ्या सिस्टरवर नाही.

अशा चिठ्ठ्या ज्यातून येतात तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो आपल्या पालघरमधून. तपासणी पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, सरकारी आणि अनुदानित शाळेत एकदा. जन्मतः असलेलं व्यंग, पोषणाची कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर, हे सगळं शोधायचं आणि पुढचे उपचार मोफत करायचे, अशी ही योजना. या तपासणीत कुणाच्या हृदयाला छिद्र सापडलं, कुणाचा फाटलेला ओठ शिवला गेला. योजना चांगली आहे, हे मी ठासून सांगते. पण गाडी दुपारी निघून जाते. उरलेलं वर्षभर शाळेत त्या चिठ्ठीचं कुणीच नसतं. गुरुजींकडे पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती, सर्वेक्षणं. त्यांच्याच गळ्यात नर्सचंही काम बांधायचं हा अन्याय आहे.

तपासणी म्हणजे निम्मं काम. उरलेलं निम्मं म्हणजे पाठपुरावा, आणि त्या कामासाठी शाळेत रोज दिसणारी नर्स लागते.

ही गोष्ट न्यूयॉर्क शहराला १९०२ मध्येच कळली. तिथे डॉक्टर शाळांत यायचे, खरूज, उवा, नायटा, खुपऱ्या दिसल्या की मुलाच्या हाती कार्ड देऊन घरी धाडायचे. घरी आईबाप परदेशातून आलेले, गरीब, कार्ड वाचता न येणारे. उपचार कुणीच करायचं नाही आणि पोरं रस्त्यावर हुंदडायची. मग लिलियन वाल्ड या परिचारिकेने आपल्या संस्थेतली लिना रॉजर्स ही नर्स महिनाभरासाठी चार शाळांना दिली. तिने साध्या जखमा शाळेतच धुतल्या, मलम लावून मुलांना वर्गात बसवलं, आणि शाळा सुटल्यावर घरोघर जाऊन आयांना औषध कसं लावायचं ते हातात हात घेऊन दाखवलं. शहराने मग स्वतः नर्सेस नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये दहा हजारांवर मुलं घरी पाठवली गेली होती. पुढच्या सप्टेंबरात हा आकडा अकराशेच्या आसपास आला. डॉक्टर आधीही होतेच. फरक पडला तो घरापर्यंत जाणाऱ्या बाईमुळे.

आपणही फार मागे नव्हतो. सयाजीरावांच्या बडोदा संस्थानात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं आणि १९०९ मध्ये बडोदा शहरात शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी झाली; देशातली ती पहिली मानली जाते. त्यानंतर १९४६ मध्ये भोर समितीने लिहून ठेवलं की भारतात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ नाहीच. १९६१ मध्ये रेणुका राय समितीनेही यावर अहवाल दिला. आणि आज चौथीतल्या पोराची चिठ्ठी दप्तराच्या तळाशी आहे.

खासगी विनाअनुदानित शाळांत तर ही गाडीही जात नाही. तिथले पालक लाखभर फी भरतात, बसमध्ये कॅमेरा आहे का, वर्गात एसी आहे का हे विचारतात. नर्स आहे का, ती शिकलेली आहे का, शाळा सुटेपर्यंत थांबते का, हे विचारा ना! 'सिक रूम' अशी पाटी लावलेल्या खोलीत पलंग असतो, उशी असते. दम लागलेल्या मुलाजवळ बसायला मात्र कुणी नसतं.

आता आपल्याच घराकडे वळते, कारण आयाबापांनाही मला दोन शब्द सुनावायचे आहेत. मुलाला आकडी येते हे प्रवेशाच्या अर्जात का लपवता? प्रवेश नाकारतील, मुलं चिडवतील ही भीती मला कळते. पण वर्गात झटका आला की कुणीतरी नाकाशी कांदा धरतं, कुणी तोंडात चमचा कोंबतं, आणि तेच जिवावर बेततं. बाईंना आधी सांगून ठेवा: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ लावा. दम्याचा पंप मुलाजवळच असू द्या. मुख्याध्यापकांच्या कुलपातला पंप मैदानावर धाप लागलेल्या लेकराच्या कामाचा नाही. तापातल्या मुलाला गोळी देऊन शाळेत ढकलू नका. गोळी दुपारपर्यंत उतरते आणि तोवर सगळ्या बाकाला ताप वाटून झालेला असतो.

आणि त्या लोहाच्या गोळ्या! लहानांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्यांना निळी, आठवड्याला एक. शौचाला काळं होतं म्हणून 'थुंकून टाक' असं आईच सांगते. अहो, लोहाच्या गोळीने शौचाला काळंच होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उपाशीपोटी देऊ नका, वर चहा पाजू नका, इतकं सांभाळलं की पुरे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभर मुलींमागे ५९ जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. ज्या पोरीला जिना चढताना धाप लागते, तिला आपण आळशी म्हणतो. शाळेत सिस्टर असती तर तिने पापणी खाली ओढून आत डोकावलं असतं, पाळीबद्दल विचारलं असतं. या गोष्टी पोरगी वर्गशिक्षकांना सांगणार नाही, वडिलांना तर नाहीच.

सरकार प्रत्येक शाळेला नर्स देईल तेव्हा देईल. निदान जवळजवळच्या आठ-दहा शाळा मिळून एक द्या, तिचा वार ठरवून द्या, तिच्या हाती चिठ्ठ्यांची वही द्या: कोण गेलं, कोण राहिलं, का राहिलं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश माणसं पालकच असतात. रंगरंगोटी आणि स्नेहसंमेलन यावर या समितीत तासभर बोलणं होतं. पुढच्या सभेत पहिला विषय हा घ्या: यंदा किती चिठ्ठ्या मिळाल्या आणि किती मुलं दवाखान्यात पोचली? हजेरीपटाशेजारी ती यादी लावा. मुलांची नावं भिंतीवर नकोत, आकडे पुरेत.

आमच्या शेजारणीने मंगळवारी खाडा करून पोराला नेलं. मीही बरोबर गेले. डोळ्यांचा नंबर निघाला, चष्मा आठवड्याभरात शाळेत येईल म्हणाले. परतताना एसटीत त्याने खिडकीबाहेरच्या पाट्या वाचायचा प्रयत्न केला आणि डोळे किलकिले करून थकून आईच्या मांडीवर झोपला. दातांचे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. त्यांचा वार शुक्रवार. ती चिठ्ठी मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे.