आठशे मीटरचा माणूस

सोलमधल्या प्रत्येक कचेरीत एक ग्वाजांगनिम असा असतोच, ज्याला शहरातल्या सुट्या वॉनचे सगळे पत्ते पाठ असतात. ग्वाजांग हा हुद्दा, आपल्याकडचा सेक्शन हेड समजा; निम म्हणजे साहेब. इथं वरिष्ठाला नावानं हाक मारायची रीत नाही, त्यामुळे मीही त्यांचं नाव सांगत नाही. आणि खरं तर गरजही नाही. कोरियात दोन-चार वर्षं नोकरी केलेल्या कुठल्याही मराठी इंजिनिअरला विचारा, तो आपल्या कचेरीतला दाखवेल.

आमचे ग्वाजांगनिम राहायला सोलबाहेर, ग्योंग्गी प्रांतातल्या सुवॉनला, नोकरीला सोलमधल्या गंगनमला. पगार चांगला, कपडे इस्त्रीचे. पण दुपारच्या जेवणानंतर सगळे कॉफीला निघाले की यांना नेमका फोन येतो. तो कुणाचा असतो, हे आम्ही विचारत नाही. 2023 मध्ये इथं काकाओटॉक या चॅट ॲपवर 'भिकाऱ्यांच्या खोल्या' नावाचे गट निघाले होते. आज किती उधळले ते तिथं कबूल करायचं आणि अनोळखी लोकांकडून शिव्या खायच्या. तरुण पोरं तिथं बोलणी खायला जात. ग्वाजांगनिम बोलणी द्यायला जात.

अशा माणसासाठी सरकारनं एखादी योजना मुद्दाम शिवून घेतली असावी, तसं अल्तूल कार्ड होतं. अल्तूल म्हणजे काटकसरी. 2018 मध्ये सेजोंग शहरात त्याचा प्रयोग झाला आणि मग ते देशभर पसरलं. बस किंवा मेट्रोनं जा, पण घरापासून थांब्यापर्यंत आणि थांब्यापासून कचेरीपर्यंत चाला किंवा सायकल हाणा. जितकं अंतर तितके पैसे परत. मोजणी जास्तीत जास्त 800 मीटरपर्यंत. महिन्यात किमान 15 फेऱ्या हव्यात. ग्वाजांगनिमना सोलला नेणाऱ्या लाल बसचं भाडं तेव्हा 2,800 वॉन होतं. त्या भाड्याला पूर्ण 800 मीटर चाललं की एका फेरीमागे 350 वॉन मिळत. हजार वॉनचे साधारण साठ रुपये होतात. गणित तुम्हीच करा. त्यांनी तर केलंच होतं.

आणखी एक अट होती आणि तीच या योजनेची गंमत होती. घरातून निघताना ॲपमध्ये 'निघालो' हे बटण दाबायचं आणि पोचल्यावर 'पोचलो'. देशातली लाखो माणसं रोज सकाळी उंबरठ्यावर उभी राहून फोनला कळवत होती की आपण आता निघतोय. बायकोला न सांगता निघालं तर चालेल. ॲपला न सांगता निघालं तर ती चाल फुकट गेली.

ग्वाजांगनिमच्या घरापासून थांबा जवळ. कचेरीही थांब्यापासून जवळ. दोन्ही मिळून 800 मीटर भरेनात. एरवी घर घेताना माणसं याच गोष्टीसाठी जास्त पैसे मोजतात; यांना ती फसवणूक वाटली. ते एक थांबा मागे चालत जाऊन बस धरू लागले. त्यात एक फायदा असा, की तिथं बसायला जागा मिळते. आणि तोटा असा, की बस मग त्यांच्याच घरावरून जाते. पहाटे साडेसहाच्या आत बसमध्ये चढलं तर भाड्यात वेगळी सूट असते, त्यामुळे हा सगळा उद्योग अंधारातच उरकावा लागे. हिवाळ्यात उणे दहा अंश तापमानात हा गृहस्थ घराला पाठ करून उलट्या दिशेनं निघालेला दिसला, तर शेजाऱ्यांनी काय समजावं?

धुळीच्या दिवसांत तर त्यांना उधाण येई. हवा फारच खराब झाली, सरकारनं आणीबाणीचे उपाय जाहीर केले, की त्या दिवशी चालण्याचे पैसे दुप्पट मिळत. लोकांनी गाड्या घरी ठेवाव्यात, हा त्यामागचा हेतू. सगळं शहर खिडक्या लावून खोकत बसलंय आणि ग्वाजांगनिम दोन मास्क लावून प्रसन्न मुद्रेनं येताहेत, हे दृश्य मी पाहिलं आहे. "आज आभाळ फार छान पिवळं आहे," असं म्हणणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

30 एप्रिल 2024 ला अल्तूल कार्ड बंद झालं आणि 1 मेपासून त्याच्या जागी के-पास आलं. त्याआधी दोन महिने आमच्याकडे कामाव्यतिरिक्त हाच विषय. त्याच वर्षी 27 जानेवारीला सोल महापालिकेनं आपलं वेगळं हवामान कार्ड काढलं होतं: 62,000 वॉन भरा आणि महिनाभर शहरात हवं तितकं फिरा, 3,000 जास्त दिले की महापालिकेच्या सायकलीही. ग्योंग्गी प्रांतानं के-पासवर आपली भर घातली, इंचॉननं आपली. ग्वाजांगनिमनी सगळ्यांचा एक्सेल तक्ता केला, रंगीत छापून घेतला (कचेरीच्या प्रिंटरवर, हे सांगायला नको) आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही समजावला.

त्या तक्त्यात त्यांना स्वतःचं तारुण्य सापडलं. के-पासचा परतावा सर्वसाधारण माणसाला 20 टक्के आणि तरुणांना 30 टक्के. देशाच्या हिशेबानं तारुण्य 34 व्या वर्षी संपतं. ग्योंग्गी प्रांत मात्र 39 पर्यंत तरुण धरतो. ग्वाजांगनिम तेव्हा 38 वर्षांचे. म्हणजे प्रांताच्या हिशेबानं तरुण, आणि देशाच्या हिशेबानं प्रौढ. कोरियात आदल्याच वर्षी वय मोजायची जुनी पद्धत कायद्यानं मोडीत काढून सगळ्यांना एक-दोन वर्षांनी लहान केलं होतं. त्यात ही भर. काही दिवस ते केसांना जेल लावून येत होते.

कार्ड बदलण्यासाठी त्यांनी एक अख्खा रविवार राखून ठेवला होता. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, जुन्या नोंदींचे स्क्रीनशॉट, सगळी तयारी. जुन्या ॲपमध्ये संमतीच्या दोन खुणा केल्या आणि काम संपलं. कार्डही तेच राहिलं. रामेनसाठी ठेवलेलं पाणीसुद्धा अजून उकळलं नव्हतं. सोमवारी ते आले तेव्हा चेहरा उतरलेला. मग नवं कार्ड घेणाऱ्यांच्या मागे लागले, कारण नुसतं कार्ड घेऊन भागत नाही, नंबर साइटवर नोंदवावा लागतो. नाहीतर परतावा शून्य. "नोंदवलंत का?" हा प्रश्न त्यांनी स्वच्छतागृहातही विचारला.

पण खरं दुःख वेगळंच होतं. के-पासला चालण्याशी काही देणंघेणं नाही. 'निघालो' नाही, 'पोचलो' नाही. 15 फेऱ्या झाल्या की भाड्याच्या ठरलेल्या टक्क्यांनी पैसे परत. ग्वाजांगनिमना आता पूर्ण भाड्याच्या एका फेरीमागे 840 वॉन मिळू लागले. काही न करता दुपटीहून जास्त! दुसरा कुणी असता तर नाचला असता.

"चाललो त्याचे 350," ते म्हणाले, "आणि बसून राहिलो त्याचे 840. हे बरोबर नाही."

"पण तुम्हाला फायदाच झाला ना, ग्वाजांगनिम?"

"फायदा झाला. पण मी तो केला नाही."

त्यात टक्केवारीनं नवा पेच टाकला. भाडं जितकं जास्त, तितका परतावा जास्त. स्वस्तातली बस धरून पैसे वाचवावेत, तर परतावा घटतो. परतावा वाढवावा, तर महाग गाडीत बसावं लागतं. सरळ माणसाला यात काही अवघड नाही, एकूण खिशातून किती गेले ते पाहायचं. पण परताव्याच्या माणसाला खिशातून गेलेले दिसत नाहीत. त्याची नजर परत येणाऱ्यांवर असते. दोन आठवडे ते या दोन बसच्या मधोमध उभे होते. शेवटी लाल बसच राहिली आणि पावलं बेवारस झाली.

पावलांची सोय लावल्याशिवाय त्यांना चैन पडेना. सोल महापालिकेचं 'मनगटी डॉक्टर' नावाचं ॲप त्यांना सापडलं. दिवसाला 8,000 पावलं, 200 पॉइंट. शहरात नोकरी असली तरी चालतं. ग्वाजांगनिम पुन्हा अंधारात घराला पाठ करून निघू लागले. दुपारी आलेल्या त्या नेमक्या फोनवर बोलताना आता ते जिन्यात वर-खाली फिरतात. मीटिंगमध्येही उभे असतात आणि बॉसला वाटतं, केवढी ही तळमळ!

2026 च्या जानेवारीत के-पासनं आणखी एक पाऊल टाकलं. महिन्याचा खर्च ठरावीक रकमेवर गेला की वरचा सगळा परत मिळण्याची सोय आली, आणि जुना टक्केवारीचा परतावाही राहिला. दोन्हींपैकी तुमच्या फायद्याचं काय, ते यंत्रणाच दरमहा ठरवते. कार्ड तेच, तुम्ही बोटही हलवायचं नाही. तोवर ग्वाजांगनिमना चाळीस पूर्ण होऊन ग्योंग्गीतलं तारुण्यही संपलं होतं.

"म्हणजे मी काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही."

"आणि त्यांनी हिशेब बरोबर केलाय की नाही, हे कोण बघणार?"

महिनाभर त्यांनी प्रत्येक फेरी एक्सेलमध्ये भरली. दोन्ही पद्धतींचे आकडे स्वतः काढले. परतावा आला त्या दिवशी ओळीनं ओळ ताडून पाहिली आणि खुर्चीत मागे रेलले. रक्कम शेवटच्या वॉनपर्यंत जुळली होती.

"पुढच्या महिन्यात बघू," ते म्हणाले.