वयाचा दाखला

वाढदिवसाला रजा टाकून, घरच्यांना मागे ठेवून, एकट्यानेच कुठल्यातरी डोंगरावर जाणारी माणसं अलीकडे बरीच दिसतात. मागे राहिलेल्यांचं त्यांच्याबद्दल एकच मत असतं: वय झालेलं सोसवत नाही, म्हणून पळाला. आकडा चाळीस किंवा पन्नास असा भरीव असेल तर या मतात थोडी कीवही मिसळते. मला हे सगळं उलटं वाटतं. वयापासून पळायचं असेल तर घरासारखी सोय दुसरीकडे नाही. केकवर आकड्याची मेणबत्ती लावायची की नाही यावर स्वयंपाकघरात कुजबुज होते आणि शेवटी एकच साधी मेणबत्ती लावून विषय मिटवला जातो. शेजारच्या काकू ‘पन्नाशीचे वाटत नाही हो’ म्हणतात. मेहुणा केसांच्या रंगाबद्दल सौजन्याने गप्प बसतो. वाढदिवस ही वर्षातून एकदा करायची वयाची मोजदाद असेल, तर घरी ती होऊ नये यासाठी सगळे एकदिलाने झटत असतात. डोंगराला हे सौजन्य जमत नाही. तिसऱ्या चढाला तो आकडा सांगून मोकळा होतो.

‘पण वय तर दाखल्यावर लिहिलेलं असतं, त्यासाठी डोंगर कशाला?’ असं कुणी म्हणेल. त्याने आपल्याकडचे दाखले पाहावेत. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्या ज्येष्ठांची संख्या पाहून एखाद्या परक्या संशोधकाला आधीच्या सप्टेंबरात इथे काय घडलं असावं, असा प्रश्न पडेल. घडलं काहीच नव्हतं. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली की गुरुजी जूनची पहिली टाकत, म्हणजे प्रवेशाचं वय बिनबोभाट जमून जाई. ज्यांची तारीख खरी आहे त्यांच्यामागे तिथी लागलेली असते, आणि तिथी नि तारीख एका दिवशी येण्याचा योग साधारण १९ वर्षांनी जुळतो. तेनझिंग नोर्गेला तर तारीखही नव्हती नि दाखलाही नव्हता. त्या वेळच्या हवामानावरून आणि शेतातल्या पिकांवरून आपला जन्म मेच्या अखेरीस झाला असावा, एवढाच त्याचा अंदाज. १९५३ साली २९ मेला तो एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचला आणि त्यानंतर त्याने तोच आपला वाढदिवस ठरवून टाकला. आपण वाढदिवस घेऊन डोंगरावर जातो. त्याने डोंगरावरून वाढदिवस आणला. शेर्पांमध्ये जन्माचा वार मात्र विसरता येत नाही, कारण तो पुष्कळदा नावातच असतो: दावा सोमवारचा, मिंगमा मंगळवारचा, पासांग शुक्रवारचा, पेम्बा शनिवारचा. या हिशेबाने पासांगचा वाढदिवस वर्षातून बावन्न वेळा येतो, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही.

याच शेर्पांच्या खुंबू मुलखात वाढदिवस काढायला गेलेल्या मराठी माणसाचं काय होतं ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं, त्यामुळे तो घरच्यांच्या आधी म्हातारा होतो. बाराच्या ठोक्याला येणारा घरचा फोन त्याला सव्वाबाराला येतो. एव्हरेस्टच्या बेस कॅम्पची उंची ५३६४ मीटर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासातला प्राणवायूही निम्माच. इथे मेणबत्ती विझवायला जाणाऱ्याला त्या एका फुंकरीतच कळून चुकतं की वर्षांची संख्या हा केवळ सजावटीचा विषय नाही. लॉजमधल्या चहाचा, गरम पाण्याचा, फोन चार्ज करण्याचा दर प्रत्येक मुक्कामागणिक चढत जातो, आणि दुकानदार वयाचा मुलाहिजा ठेवत नाही. वाटेतल्या नामचेला ॲपल पाय मिळतो, तोच केक समजायचा. एवढ्या प्रांजळपणे वाढदिवस साजरा झालेला मी तरी पुण्यामुंबईच्या कुठल्याही हॉलमध्ये पाहिलेला नाही.

इथे एक शास्त्रीय आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. उंचीचा त्रास वय पाहून होत नाही. नामचेला विश्रांतीचा दिवस न घेता पुढे धावणाऱ्या पंचविशीतल्या पैलवानाचं डोकं ठणकायला लागतं, तर पावलापावलाने येणाऱ्या आजोबांना काहीच होत नाही. मग हे माप वयाचं कसलं? मान्य. एका चढाईवरून वय कळत नाही. पण एका वजनावरून तब्येत तरी कुठे कळते? माप परत परत घ्यावं लागतं. युइचिरो मिउरा हा जपानी गृहस्थ एव्हरेस्टवर २००३ मध्ये सत्तराव्या वर्षी चढला, २००८ मध्ये पंचाहत्तराव्या आणि २०१३ मध्ये ऐंशीव्या. तिसऱ्या खेपेला उतरताना तो दुसऱ्या कॅम्पवरून हेलिकॉप्टरने खाली आला आणि २०२३ मध्ये, वयाच्या नव्वदीत, फुजीच्या माथ्यावर खास खुर्चीतून, इतरांच्या मदतीने गेला. ऐंशी आणि नव्वद यांत काय फरक पडतो, हे इतक्या स्वच्छपणे कुठल्याही डॉक्टरने सांगितलेलं नसेल. ज्याला एवढं परवडत नाही त्याने दर वाढदिवसाला कळसूबाई चढावं. उंची १६४६ मीटर, आणि ती गेल्या वर्षीइतकीच असते. बारी गावातून निघून पहिल्या लोखंडी शिडीपाशी यंदा कितीदा बसावं लागलं, हे आठवलं की वर्षाचा ताळेबंद तयार.

‘हे सगळं पाश्चात्त्य खूळ, आपल्याकडे औक्षण असतं,’ हाही आक्षेप ऐकू येतो. औक्षण असतं, आणि वर्धापनाच्या विधीत सात चिरंजीवांचं स्मरणही असतं. या सातांचे पत्ते कुणी तपासलेले दिसत नाहीत. परशुराम महेंद्र पर्वतावर. मारुती गंधमादनावर, भीमाला तो तिथेच आडवा पडलेला भेटला. व्यासांची गुहा बद्रीनाथच्या पुढे माणा गावात दाखवतात. अश्वत्थामा सातपुड्यात, असीरगडच्या आसपास, भेटेल त्याच्याकडे जखमेवर घालायला तेल मागत फिरतो अशी समजूत आहे. गुडघ्यांसाठी बाम बाळगणाऱ्या ट्रेकरला त्याचं दुःख लगेच समजेल. बळी आणि बिभीषण यांनी राजधानीचा पत्ता सोडलेला नाही, हे खरं. पण ज्यांच्यासारखं आयुष्य मिळावं म्हणून आपण पाटावर बसून दूध पितो, त्यांतले चौघे वर्षानुवर्षं डोंगरावर राहून आहेत, आणि तेही एकेकटे. परंपरेचा मान कोण राखतो, पाटावरचा की पायवाटेवरचा, हे परंपरावाल्यांनीच ठरवावं.

एकटेपणाच्या धोक्याबद्दल मात्र मी वाद घालणार नाही. पाऊसकाळात सह्याद्रीच्या घळीत एकट्याने उतरणं हा वाढदिवस नव्हे, वर्षश्राद्धाची तयारी आहे. नेपाळने २०२३ मध्ये परदेशी ट्रेकरना वाटाड्या सक्तीचा केला. खुंबूच्या स्थानिक पालिकेने ते मानलं नाही, ही गोष्ट वेगळी. पण ‘एकट्याने’ या अटीचा बाऊ करायचं कारण नाही. राइनहोल्ड मेसनर १९८० च्या ऑगस्टमध्ये एव्हरेस्ट एकट्याने चढला, तेव्हाही त्याची मैत्रीण खाली तळावर थांबली होती. इटलीचा कवी पेत्रार्क १३३६ साली फ्रान्समधल्या मों व्हांतूवर जायला निघाला, तेव्हा त्याने सोबतीसाठी एकेका मित्राचा विचार केला: हा फार संथ, तो फार उतावळा, हा फार उदास, तो फार खुशालचेंडू. अखेरीस त्याने धाकट्या भावाला बरोबर घेतलं. म्हणजे वाटाड्या असावा, हमाल असावा, बारीला भाकरी थापणाऱ्या मावशी असाव्यात. नसावीत ती फक्त ‘वाटत नाही हो’ म्हणणारी माणसं.

आईचा आक्षेप सगळ्यांत भारी. त्या दिवशी कष्ट तिने उपसले, वेणा तिने सोसल्या, आणि दिवस मात्र परस्पर हिमालयाला दान? निरांजन स्वतःभोवती स्वतः ओवाळता येत नाही, हेही तिचंच. याला तर्काने उत्तर नाही, पण पंचांगाने आहे. तिथी घराला द्यावी, तारीख डोंगराला. दोन्ही एकाच दिवशी आल्या तर त्या वर्षी निमूटपणे पाटावर बसावं. तेवढं आईचं ऐकायला हरकत नाही.

राहता राहिला तो फोटो. मोजदाद स्वतःपुरती होती, तर माथ्यावर पोचल्यावर तासाभरात स्टेटस का बदललं? पेत्रार्कचा दाखला इथेही आहे: त्यानेही डोंगरावरून उतरल्यावर एक लांबलचक पत्र लिहिलं, आणि ते जग आजवर वाचत आहे. वाढदिवसाला एकट्याने डोंगरावर जाऊन कुणालाही काहीही न सांगणारी माणसं असतीलच. पुराव्याअभावी त्यांचा विचार या लेखात करता आलेला नाही.