कॅडेटचे वडील

कॅडेटचे वडील हा प्रकार महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात जरा जास्त. मुलगा खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत, दाखल झाला की गृहस्थ या प्रकारात जमा होतात. स्वतः ते बहुधा शाळेत, बँकेत किंवा पंचायत समितीत नोकरीला असतात आणि लष्कराशी त्यांचा तोवरचा संबंध 26 जानेवारीचे संचलन टीव्हीवर पाहण्यापुरता असतो. अभिमान चारचौघांत सांगता येतो, काळजी सांगता येत नाही. त्यांच्या बहुतेक सवयींचे मूळ या अडचणीत आहे.

त्यांची घडण निवडीच्या काळातच सुरू होते. गणिताचे 300, सामान्य क्षमता चाचणीचे 600 आणि एसएसबीचे, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीचे, 900 गुण हे आकडे मुलाआधी त्यांना पाठ होतात. एसएसबी पाच दिवस चालते, पण पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि पुष्कळ उमेदवार त्याच दिवशी परतीची गाडी धरतात. त्या दिवशी मुलाचा फोन लवकर आला तर खेळ संपला, असा वडिलांचा हिशेब असल्याने दूधवाल्याचा फोनही ते दचकून घेतात. पुढे वैद्यकीय तपासणी. तिच्यात दातांचे किमान 14 पॉइंट लागतात हे कळल्यापासून पाहुणा हसला की ते त्याच्या दाढा मोजतात.

निवड झाली की हमीपत्र येते. मुलाने स्वतःहून प्रशिक्षण सोडले तर झालेला खर्च पालकांनी भरून द्यायचा असतो. साडूच्या पतसंस्थेतल्या कर्जाला जामीन राहायला साफ नकार दिलेले हे गृहस्थ इथे न वाचता सही करतात. ते पान घरी आईच वाचते, तेही दोनदा.

निरोपाचा दिवस हा या प्रकाराच्या निरीक्षणासाठी सर्वांत सोयीचा. मणिपूरचा मुलगा दोन-तीन दिवसांचा प्रवास करून एकटा येतो; साताऱ्याच्या मुलाला पोचवायला मात्र मामा, काका, आत्या आणि क्लासचे सर अशा दोन गाड्या निघतात. अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. आई खंबाटकीच्या बोगद्यात अंधाराचा फायदा घेऊन रडून घेते. वडील टोलनाक्यावर भांडतात. भांडणाचा आवाज नेहमीपेक्षा चढा असतो, एवढीच खूण. फाटकाशी ते मुलाला पाकीट सांभाळायला सांगतात. हेच वाक्य आदल्या रात्रीपासून चार वेळा सांगून झालेले असते, कारण दुसरे वाक्य त्यांना सुचत नाही. सोबत दिलेल्या डब्यातले लाडू मुलाच्या वाट्याला किती आले, हे घरी कधीच कळत नाही.

पहिल्या सत्रात फोन मोजके येतात. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘बारीक झालास का?’ ‘नाही.’ ‘रगडा लागतो का?’ ‘थोडा.’ रगडा म्हणजे शिक्षा; कधी कोलांट्या, कधी सायकल डोक्यावर घेऊन पळणे. फोन ठेवल्यावर वडील हा ‘थोडा’ कट्ट्यावर नेऊन त्याचे ‘प्रचंड’ करतात. ऐकणाऱ्यांना ती बढाई वाटते. रात्री मात्र ते मोबाइलवर खडकवासल्याचा पाऊस किती झाला ते पाहतात, आणि धरणाच्या पाणीसाठ्याची चौकशी करतोय असे सांगतात.

सत्र संपून मुलगा सुटीवर येतो. ‘आमचा पहाटे पाचला उठतो,’ असे गावभर सांगून झालेले असते आणि मुलगा अकरापर्यंत झोपतो. भेटायला आलेल्यांना चहावर चहा पाजून थोपवण्याचे काम वडिलांकडे येते. कडक शिस्त मधल्या काळात त्यांनाच लागलेली असते: बूट ओळीत, चादरीला सुरकुती नाही.

या प्रकाराची एक नवी शाखा आहे. एनडीएत 2022 पासून मुलींना प्रवेश मिळू लागला आणि मे 2025 मध्ये पहिल्या 17 मुली बाहेर पडल्या. मुलीच्या वडिलांना जास्तीचे काम असते: ‘मग हिच्या लग्नाचं काय?’ विचारणाऱ्यांना दाराबाहेरूनच वाटेला लावायचे.

तीन वर्षांनी प्रबोधिनीच्या खेत्रपाल मैदानावर दीक्षान्त संचलन होते. शेकडो कॅडेट, एकच गणवेश, एकच हजामत. वडील एकाला ओळखतात, भरल्या डोळ्यांनी त्याचे चित्रण करतात. नंतर तो चंडीगडचा निघतो. तीन वर्षे ते ज्याला लेफ्टनंट म्हणत आले, त्याला अजून प्रशिक्षण बाकी असल्याचेही तिथेच कळते. भूदलात जाणाऱ्याला डेहराडूनच्या भारतीय सैनिकी अकादमीत आणखी एक वर्ष काढावे लागते. तिथे आईवडील मुलाच्या खांद्यावर तारे लावतात आणि कॅडेटचे वडील हा प्रकार संपून अधिकाऱ्याचे वडील हा प्रकार सुरू होतो. त्याची लक्षणे बहुतांशी हीच असतात. फक्त खडकवासल्याच्या पावसाऐवजी काश्मीरचे हवामान पाहावे लागते आणि तिथे सांगायला धरण नसते.